रात्रीची डाक आणि डाकोटाचे अपघात

१९४९ सालच्या ३० जानेवारीला भारताच्या टपाल खात्याने एक धाडसी प्रयोग सुरू केला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतलेले असे. रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत साधी पत्रेसुद्धा जादा आकार न घेता विमानाने पाठवायला सुरुवात झाली.

विमानतळ नसलेल्या जिल्ह्यांनाही या सेवेचा उपयोग होई. यवतमाळ जिल्हा त्या काळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, म्हणजे १९५० पासूनच्या मध्य प्रदेश राज्यात होता आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. यवतमाळकरांना मोठ्या लोहमार्गावरचे जवळचे स्टेशन म्हणजे धामणगाव. कापसाच्या व्यापाऱ्याचे मद्रासला निघालेले पत्र धामणगावमार्गे नागपूरला पोचले, की त्याचा पुढचा प्रवास या रात्रीच्या विमानाने होई. हैदराबाद ते नागपूर अशी सरळ रेषा नकाशावर ओढली, तर ती जिल्ह्यातल्या वणी आणि मारेगावच्या मधल्या शिवारावरून जाते. जिल्ह्यात विमानतळ नव्हता, तरी डोक्यावरून जाणाऱ्या डाकोटा विमानाचा घुमणारा आवाज या भागाला नवा नव्हता.

१२ डिसेंबर १९५३ रोजी मध्यरात्र उलटल्यानंतर सोनेगावच्या धावपट्टीवरून मद्रासकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे डाकोटा जेमतेम जमीन सोडते न सोडते, तोच त्याच्या एका इंजिनाची ताकद गेली. कप्तानाने समोरच्या अंधारात विमान जमिनीवर टेकवण्याचा प्रयत्न केला. विमान आदळले आणि पेटले. दहा प्रवासी आणि चारपैकी तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा कप्तान. मृतांमध्ये कामगार नेते आणि लोकसभेचे सदस्य हरिहरनाथ शास्त्री होते.

आठ खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण करून इंडियन एअरलाइन्स महामंडळ उभे राहिले ते याच वर्षी १ ऑगस्टला. म्हणजे महामंडळाला अजून साडेचार महिनेही झाले नव्हते. वारशात त्याला ९९ विमाने मिळाली आणि त्यांतली ७४ डाकोटा होती.

डाकोटा म्हणजे डग्लस कंपनीचे डीसी-३ आणि त्याचे लष्करी भावंड सी-४७. पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ चे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने दहा हजारांच्या आसपास लष्करी डाकोटा बांधली. युद्ध संपल्यावर त्यांतली कितीतरी भारतातच पडून राहिली आणि स्वस्तात विकली गेली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांची डागडुजी झाली, सैनिकांच्या बाकांच्या जागी खुर्च्या बसल्या आणि ती प्रवासी विमाने झाली. हे विमान कमकुवत मुळीच नव्हते. कच्च्या धावपट्टीवर उतरणारे, साध्या हत्यारांनी दुरुस्त होणारे आणि चुका बऱ्याच अंशी पोटात घालणारे असे ते यंत्र होते. म्हणूनच त्याचे अपघात नीट पाहण्यासारखे आहेत. कारण यंत्र भक्कम असूनही माणसे मरत होती. मग ती कशाने मरत होती?

नागपूरच्या अपघातात जे घडले, ते आधी समजून घेतले पाहिजे. डाकोटाच्या दोन पंखांवर प्रॅट अँड व्हिटनीची दोन इंजिने असत. प्रत्येकात दोन ओळींत मिळून चौदा सिलिंडर, प्रत्येकाची ताकद सुमारे १२०० अश्वशक्ती. दोन्ही व्यवस्थित चालू असताना विमान सरळ जाते. उजवे इंजिन ओढत राहिले आणि डावे बंद पडले, तर विमानाचे नाक डावीकडे फिरते. बंडीचा डावा बैल चालता चालता खाली बसला, तर बंडी त्याच बाजूला वळते, तसेच हे. वैमानिकाला उजव्या पायाने सुकाणूचा पायटा पूर्ण दाबून धरावा लागतो. पण सुकाणूला जोर येतो तो त्यावरून वाहणाऱ्या हवेतून, आणि हवेचा जोर येतो वेगातून. ठरावीक वेगाखाली सुकाणू पूर्ण वळवले, तरी नाक सरळ राहत नाही. डाकोटा जमीन सोडते तेव्हा वेग ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास असतो. धोक्याच्या वेगाहून तो फारसा जास्त नसतो.

याच्या जोडीला दुसरी अडचण येते. बंद पडलेल्या इंजिनाचा पंखा थांबत नाही. समोरून येणारा वारा त्याची पाती फिरवत राहतो आणि ही फिरती चकती विमानाला मागे खेचते. तीसच्या दशकाच्या अखेरीपासूनच्या विमानांत यावर उपाय होता. एक बटण दाबले की तेलाच्या दाबाने पाती आपल्या अक्षावर वळून वाऱ्याशी समांतर होत, मग पंखा थांबे आणि ओढ नाहीशी होई. मात्र हे करताना कोणते इंजिन गेले ते नक्की ओळखायचे, चालू इंजिनाचे बटण चुकून दाबायचे नाही, चाके वर घ्यायची, पाय दाबून नाक सरळ ठेवायचे आणि वेग घसरू द्यायचा नाही. जमीन शंभर-दोनशे फुटांवर आणि बाहेर काळोख असताना, हे सगळे काही सेकंदांत करायचे.

वळून परत धावपट्टीवर यावे, असा मोह अशा वेळी होतो. जगभरच्या वैमानिकांना शिकवले जाते की उंची नसताना वळू नका. वळताना विमान कलते, पंखांची उचल कमी पडते, वेग घसरतो आणि विमान पंखावर कोसळते. समोर जे असेल त्यात उतरणे हाच त्यातल्या त्यात बरा पर्याय. पण रात्री समोर काय आहे तेच दिसत नाही. दिवसा शेताचा बांध, नाला, झाड चुकवता येते. रात्रीच्या डाकेच्या वैमानिकाला ती सोय नव्हती. एक इंजिन बंद पडल्यावर उरलेल्या वेळात माणसाला काय काय करता येते, याची परीक्षा त्या रात्री झाली. इतक्या थोड्या वेळात एकट्या माणसाच्या चपळाईवर सगळे सोपवणे हाच त्या काळच्या व्यवस्थेतला खरा दोष होता, असे मानायला जागा आहे.

मुळात इंजिने बंद का पडत? सिलिंडरमध्ये सेकंदाला कितीतरी वेळा स्फोट होणारी ही यंत्रे होती. ठिणगी देणारे प्लग काजळत, झडपा जळत, सिलिंडरला तडे जात. पेट्रोलमध्ये पाण्याचे थेंब राहिले, तर ऐन भरारीच्या वेळी इंजिन अडखळे. म्हणून उड्डाणाआधी टाकीच्या तळातून थोडे इंधन काढून तपासण्याची पद्धत पडली. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना हवा एकदम थंड होते. दमट हवेत, बाहेर बर्फाचे नाव नसतानाही, तिथे बर्फ जमून इंजिनाचा श्वास कोंडतो. पावसाळ्यात हे संकट खरे असे. पुढे आलेल्या अधिक ताकदवान इंजिनांनी अधिक त्रास दिला. लॉकहीड कॉन्स्टेलेशन या देखण्या चार इंजिनी विमानाला एका प्रशिक्षण उड्डाणात लागलेली आग मात्र इंजिनाची नव्हती, ती विजेच्या जोडणीतल्या दोषाने लागली होती, आणि १९४६ साली अमेरिकेत या जातीची सगळी विमाने काही आठवडे जमिनीवर ठेवावी लागली.

तरीही त्या काळच्या नोंदी चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. बऱ्याच अपघातांत इंजिनाला काहीही झालेले नव्हते. १५ सप्टेंबर १९५१ ला बंगळुरूहून एअर इंडियाच्या एका डाकोटाने भरारी घेतली. स्वयंचलित सुकाणू चालूच राहिले होते. वैमानिक एकीकडे ओढतो आहे आणि यंत्र आपल्या ठरलेल्या दिशेने, अशी झटापट झाली आणि विमान पडले. तेवीस प्रवासी सुदैवाने वाचले. कर्मचाऱ्यांपैकी एक जण गेला. एक खटका बंद करायचा राहिला होता, एवढेच. उड्डाणापूर्वी यादी हातात धरून एक एक गोष्ट मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने ती पाहून उत्तर द्यायचे, ही शिस्त आज प्रवाशांना कंटाळवाणी वाटेल. ती अशाच विसरलेल्या खटक्यांतून घट्ट होत गेली.

डोंगरांनी त्याहून जास्त बळी घेतले. महाराष्ट्रातले सर्वांत चटका लावणारे उदाहरण घाटकोपरचे आहे. १२ जुलै १९४९. हॉलंडच्या केएलएम कंपनीचे ‘फ्रानेकर’ नावाचे कॉन्स्टेलेशन दिल्लीहून मुंबईला येत होते. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे तेरा अमेरिकन पत्रकार त्यात होते. पुलित्झर पारितोषिक मिळवलेले एच. आर. निकरबॉकर त्यांच्यापैकी एक. मुंबईत ऐन आषाढातला पाऊस कोसळत होता आणि ढग टेकड्यांना टेकले होते. सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात विमान घाटकोपरच्या सुमारे दोनशे मीटर उंचीच्या टेकडीवर आदळले. ४५ पैकी कुणीही वाचले नाही. टेकडी विमानतळापासून काही किलोमीटरवरच होती, आणि विमान शेवटच्या क्षणापर्यंत व्यवस्थित उडत होते.

हे घडते कसे, ते पाहण्यासाठी त्या काळच्या कॉकपिटमध्ये डोकावावे लागेल. ढगात शिरल्यावर वैमानिकाला आपली जागा कळायची ती मुख्यतः रेडिओ बीकनवरून. जमिनीवरचा खांब संदेश सोडतो आणि कॉकपिटमधली सुई त्या दिशेला वळते. पण वीज कडाडली, की तिचाही रेडिओ संदेशच असतो, आणि सुई विमानतळ सोडून वादळाकडे वळू पाहते. म्हणजे मार्गदर्शनाची गरज सर्वांत जास्त असते, नेमक्या त्याच वेळी हे साधन दगा देते. डाकोटाच्या केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. त्यामुळे ते साधारण दोन-तीन किलोमीटर उंचीवरून उडे, म्हणजे पावसाळी ढगांच्या पोटातूनच. आजचे विमान वादळाच्या वरून किंवा रडारवर पाहून बाजूने जाते. डाकोटाला वरही जाता येत नव्हते आणि पुढचेही दिसत नव्हते. १९५० च्या डिसेंबरात मुंबईहून कोइंबतूरला निघालेले एअर इंडियाचे डाकोटा वाट चुकून निलगिरीत कोटगिरीजवळ डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व २१ जण गेले.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान आल्प्सच्या माँ ब्लाँ शिखराच्या कड्यावर आदळले होते. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबई–लंडन हे पहिले उड्डाण याच विमानाने केले होते आणि जे. आर. डी. टाटा त्यात होते. अपघातात ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक जहाजावर रुजू व्हायला निघालेले भारतीय खलाशी होते. ४,८०० मीटरचे शिखर आणि सुमारे ४,७०० मीटरवरून जाणारे विमान. वाट थोडी चुकली होती आणि उंची थोडी कमी पडली होती, पण दोन्ही गोष्टी एकाच जागी जुळून आल्या.

उंची मोजण्याचे यंत्र हा या सगळ्यातला सर्वांत फसवा घटक. अल्टिमीटर प्रत्यक्षात उंची मोजत नाही, तो हवेचा दाब मोजतो. वर जावे तसा दाब कमी होतो, त्यावरून तो उंचीचा आकडा दाखवतो. पण समुद्रसपाटीवरचा दाबही रोज बदलतो. जगभर प्रमाण म्हणून १०१३ मिलिबार, म्हणजे पाऱ्याचे २९.९२ इंच, हा आकडा धरतात. जुलैत मुंबईवर मान्सूनचा कमी दाब असतो आणि तो सहज दहा मिलिबारने खाली असू शकतो. एका मिलिबारला साधारण साडेआठ मीटर धरले, तर यंत्र पंचाऐंशी मीटर जास्त उंची दाखवेल. म्हणूनच उतरण्यापूर्वी विमानतळाकडून त्या घडीचा दाब विचारून घुंडी फिरवून लावावी लागते.

१९ जुलै १९५९ ला एअर इंडियाचे ‘रानी ऑफ ऐरा’ हे सुपर कॉन्स्टेलेशन मुसळधार पावसात सांताक्रूझला उतरत होते. कप्तान वापरत असलेल्या अल्टिमीटरवर २९.९२ हाच प्रमाण आकडा लावलेला होता. उतरणे जमत नाही असे पाहून विमान पुन्हा वर घेण्याचा प्रयत्न फसला आणि ते कोसळले. विमान कायमचे निकामी झाले. ४६ जण आत होते आणि सगळे जिवंत बाहेर आले. दहा वर्षांपूर्वीचे घाटकोपर आठवले, की हे नशीब किती मोठे होते ते कळते. घुंडी न फिरवल्याने एखादा अपघात होऊ शकतो हे उघड आहे. पण ही घुंडी दोघांनी तपासायची आणि आकडा मोठ्याने उच्चारायचा, हा नियम जितका पक्का झाला तितकी ही चूक दुर्मीळ होत गेली. डोंगराचा प्रश्न मात्र टर्बाइनची विमाने आल्यावरही संपला नाही. ४ ऑगस्ट १९७९ ला पुण्याहून मुंबईला येणारे इंडियन एअरलाइन्सचे पंख्याचेच अॅव्हरो विमान रात्री, खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातले सर्व ४५ जण गेले.

कारण शोधायचे तरी कसे? डाकोटाच्या काळी उड्डाणाची नोंद ठेवणारी पेटी नव्हती. चौकशी अधिकारी पत्रा, दोर आणि पाती वाचत. आदळताना इंजिन जोरात चालू असेल तर पंख्याची सगळी पाती सारखी मुरडतात. बंद असेल तर जमिनीला लागलेले एक-दोनच पाते मागे वाकते, बाकीची सरळ राहतात. कोणता दिवा जळत होता, कोणता खटका कुठे होता, घड्याळ किती वाजता थांबले, यातून शेवटची मिनिटे पुन्हा मांडली जात.

या शोधकामाचे एक विलक्षण उदाहरण मराठी माणसांशी जोडलेले आहे. ११ एप्रिल १९५५ ला ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे कॉन्स्टेलेशन हाँगकाँगहून जकार्ताला निघाले होते. आशियाई-आफ्रिकी देशांच्या बांडुंग परिषदेसाठी जाणारे चिनी प्रतिनिधी त्यात होते. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय मात्र त्या विमानाने गेले नाहीत. वाटेत स्फोट झाला आणि पंखाला आग लागली. कप्तान दा. का. जटार यांनी जळते विमान नातुना बेटांजवळ समुद्रावर आणले. एकोणीसपैकी तिघे वाचले: सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक. जटार वाचले नाहीत. कर्णिकांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले. वरवर पाहता ही इंजिनाची आग वाटली असती, आणि कॉन्स्टेलेशनचा पूर्वेतिहास पाहता ते पटलेही असते. पण समुद्रातून काढलेल्या अवशेषांत चाकाच्या कप्प्यातला स्फोट बाहेरून ठेवलेल्या वेळेच्या बॉम्बचा असल्याचे पुरावे मिळाले. अवशेष काढले नसते, तर एका घातपाताचे खापर इंजिनावर आणि ते सांभाळणाऱ्या कारागिरांवर फुटले असते.

नागपूरच्या अपघाताचा शेवट मात्र विमानतळावर झाला नाही, तो न्यायालयात झाला. मृतांपैकी एका प्रवाशाच्या पत्नीने इंडियन एअरलाइन्सवर कलकत्त्यात नुकसानभरपाईचा दावा लावला. तिकिटावर अट छापलेली होती: प्रवासात काही झाले, अगदी कंपनीच्या किंवा तिच्या नोकरांच्या निष्काळजीपणाने झाले, तरी कंपनी जबाबदार राहणार नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९३४ चा भारतीय कायदा लागू होता आणि त्यात भरपाईची तरतूद होती. नागपूर ते मद्रास हा प्रवास देशातला, म्हणून त्याला ती लागू नव्हती. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अपिलात तिकिटावरची अट वैध ठरवली आणि निकाल महामंडळाच्या बाजूने गेला.

कायद्याच्या भाषेत तो निकाल कितीही नेटका असो, मध्यरात्री खिडकीवर तिकीट घेणाऱ्याला ती अट नाकारण्याची काहीही सोय नव्हती. इंजिन कोणी तपासले, पेट्रोल कोणी भरले, कप्तानाला रात्रीचा किती सराव दिला होता, यातले काहीही प्रवाशाच्या हाती नव्हते. तरी धोका सगळा त्याच्या पदरात होता. डिसेंबर १९६३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून १९३४ च्या कायद्यातले नियम देशांतर्गत उड्डाणांनाही लागू केले, आणि पुढे १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याने ही जबाबदारी अधिक स्पष्ट केली. सोनेगावला जळालेल्या डाकोटातल्या दहा प्रवाशांच्या घरच्यांना या नियमांचा उपयोग नव्हता. ते दहा वर्षे उशिरा आले होते.